झेलणाऱ्याचे हात

डॉक्टर माझ्याशी बोलले तो पहिला शब्द 'झेल!' हा होता. त्याचा अर्थ लागेपर्यंत एक संत्रं माझ्या खांद्यावर आपटून पायऱ्यांवरून घरंगळत रस्त्यावर गेलंही होतं. लंडनमध्ये हॅरोतल्या त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला मी आले होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पत्ता लिहिलेला कागद, आणि दारात पांढऱ्या मिशांचा, स्वेटर उलटा घातलेला हा माणूस.

"हात मोकळे नव्हते माझे," मी म्हटलं.

"हां, ते खरं." त्यांनी माझी बॅग काढून घेतली, आत ठेवली आणि दुसरं संत्रं फेकलं. ते मी झेललं. "ठीक. बोटं चांगली आहेत. जेवणाखाणाचं काकूंशी बोलून घे."

खोली मिळाली. मी नागपूरची, हे त्यांना नंतर कळलं, तेव्हा ते एवढे हसले की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

त्या घरात काचेची एकही वस्तू उघड्यावर नसायची. डॉक्टर बटाटा फेकत, मोज्यांची गुंडाळी फेकत, गाडीच्या किल्ल्या तर कधीच हातात देत नसत. काकू अजिबात न बघता, फोनवर बोलता बोलता डाव्या हाताने किल्ल्या झेलत. "लग्नात आलेला टी-सेट अजून खोक्यातच आहे," त्या मला म्हणाल्या होत्या, पण त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

डॉक्टर हातांचे सर्जन होते. कापलेली बोटं जोडणं, तुटलेल्या शिरा शिवणं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. मी राहायला गेले तेव्हा मात्र ऑपरेशन करणं त्यांनी थांबवलं होतं. हॉस्पिटलात ते फक्त ऑपरेशन झालेल्या लोकांना तपासत आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. का थांबवलं, हे मी कधी विचारलं नाही. हातांचं वेड मात्र सुटलेलं नव्हतं. वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी घ्यायला गेलो की भेंडी तोलणाऱ्या माणसाला ते विचारत, "मधलं बोट कधी मोडलं होतं?" तो माणूस चकित होऊन सगळी हकीकत सांगायला लागे आणि मागे रांग तुंबे. "माणसाच्या तोंडाकडे बघून काय कळतं?" ते मला म्हणत. "तोंड सगळ्यांचंच हुशार असतं. बोटांकडे बघावं."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा ठामपणा. 'कदाचित' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलाच नाही. आणि ते बरोबरच असत असंही नाही. मला वर्षाच्या आत बढती मिळणार असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, मिळाली नाही. गाडी चालवताना ते हमखास चुकत, पण "चुकलो नाही, लांबून आलो" असं म्हणत. त्यामुळे पुढे ओमकार नावाच्या एका खेळाडू मुलाबद्दल ते तसंच ठामपणे बोलायला लागले, तेव्हा मला ते पटलं नव्हतं. माझ्या बढतीबद्दल चुकणं वेगळं आणि एखाद्या मुलाच्या आयुष्याबद्दल चुकणं वेगळं.

पण त्याआधी खेळाबद्दल सांगायला हवं. डॉक्टर तरुणपणी शिकायला ओहायोला होते. तिथे शनिवारी दुपारी हॉस्पिटल रिकामं पडायचं, कारण सगळं गाव स्टेडियमवर. शेवटी एका वयस्क नर्सने त्यांना सोबत नेलं आणि अमेरिकन फुटबॉल समजावून सांगितला. तेव्हापासून हे लागलं ते लागलंच. पुढे ते इंग्लंडात आले. इथे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा. आणि आपल्या महाराष्ट्र मंडळात विषय काढावा तर सगळे क्रिकेटवर जात. मग त्यांना शोध लागला की इथल्या विद्यापीठांतही काही मुलं हा खेळ खेळतात. एका विद्यापीठाच्या संघाचे ते बिनपगारी डॉक्टर झाले. रविवारी सकाळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, जुन्या गाडीच्या टपावर ॲल्युमिनियमची शिडी बांधून ते निघत. शिडी माझ्यासाठी. माझ्याकडे भावाने दिलेला हॅंडीकॅम होता. "वरून बघितल्याशिवाय हा खेळ कळत नाही," असं म्हणून त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिडीवर चढवलं आणि सामन्याचं शूटिंग करायला लावलं. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या दोन-चार मैत्रिणी आणि कुणाचा तरी कुत्रा. चिखल एवढा की अर्ध्या खेळानंतर कोण कुठल्या संघाचा, ते ओळखू येत नसे.

त्या संघाचा क्वार्टरबॅक होता ओमकार. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन मागे उभा राहणारा, कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा, संघाचा मेंदू. ओमकार स्लाऊचा. आई सुनीताताई तिथेच जीपी, वडील कामानिमित्त आखातात. उंच, शांत मुलगा, इंजिनिअरिंगला होता. आमच्याशी मराठी बोलायचा, पण लिंगांचं काही खरं नसायचं. "काका, आज माझी खांदा दुखतो," असं म्हणायचा. संघातली मुलं त्याच्या शब्दावर चालायची. त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच पुढे जायचं होतं, व्यावसायिक खेळायचं होतं, आणि हे त्याने फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं.

एका थंड रविवारी तो प्रसंग घडला. ओमकारने चेंडू फेकला. समोरच्या धिप्पाड गड्याने हात वर केला. चेंडू त्याच्या पंजाला लागून उंच उडाला. सगळे वर बघत राहिले. ओमकार मात्र तेवढ्यात पुढे धावला, दोन माणसांच्या मधून वर झेपावला आणि स्वतःच फेकलेला चेंडू त्याने स्वतःच झेलला. आणि तो घेऊन पळतही सुटला. आमची मुलं हसून हसून लोळली. असं नियमात बसतं की नाही, यावर दोन्ही बाजूंत वाद सुरू झाला. बसतं.

डॉक्टर हसले नाहीत. शिडीशी येऊन त्यांनी विचारलं, "घेतलंस?"

"घेतलं."

त्या संध्याकाळी त्यांनी तो तुकडा टीव्हीवर पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितला. काकू मध्येच म्हणाल्या, "अहो, त्याला एकदा खाली तरी येऊ द्या." डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चित्र थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. "बघ. चेंडू अजून वर जातोय. ह्याची बोटं बघ."

मी बघितली. ओमकारचे दोन्ही पंजे उघडलेले होते, अंगठे जवळ, बोटं सैल, एखाद्याच्या हातून तान्हं बाळ घेताना असतात तसे.

"हा चुकीच्या जागी खेळतोय," डॉक्टर म्हणाले. "हा रिसीव्हर आहे."

रिसीव्हर म्हणजे पुढे धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ओमकारला आणि सुनीताताईंना जेवायला बोलावलं. काकूंनी भरली वांगी केली होती. पहिला घास घेऊन होत नाही तोच डॉक्टर म्हणाले, "ओमकार, क्वार्टरबॅक म्हणून तुला व्यावसायिक फुटबॉलमध्ये काहीही संधी नाही."

ओमकारने चमचा खाली ठेवला.

"अमेरिकेत जाऊ दे, युरोपातल्या लीगमध्येसुद्धा नाही. तिथे क्वार्टरबॅक अमेरिकेतूनच येतो. त्यांच्याकडे तसली मुलं ढिगाने आहेत, तुला कोण विचारणार? पण प्रत्येक संघाला युरोपात वाढलेली काही मुलं घ्यावीच लागतात, नियमच आहे. आणि ती ते कुठे खेळवतात? किकर, बचाव, नाहीतर रिसीव्हर. पुढचा सीझन तू रिसीव्हर म्हणून खेळ. हिवाळ्यात निवड चाचणी दे. तुझी निवड होणार."

"काका, संघ माझ्यावर चालतो. मी कॅप्टन आहे."

"कॅप्टन रिसीव्हर असू शकतो."

"मी दहा वर्षाचा होतो तेव्हापासून फेकतो. ते माझा पोझिशन आहे. इट्स हू आय ॲम."

सुनीताताईंना त्याच्या स्वप्नाचा पत्ताच नव्हता. त्या आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या. "व्यावसायिक? म्हणजे काय? डॉक्टर, याचं पुढच्या वर्षी शेवटचं वर्ष आहे. वसंतात परीक्षा. तुम्ही त्याच्या डोक्यात नसतं काही भरवू नका."

"तो सीझन वसंतातच असतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "शेवटचं वर्ष पुढे ढकलावं लागेल."

"ढकलावं लागेल! किती सहज बोलता!"

ओमकार उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. आईच्या रागापेक्षा डॉक्टरांचं बोलणं त्याला जास्त लागलेलं दिसत होतं. "तुम्हाला सोपं आहे, काका. तुम्हाला कुणी सांगितलं का, की जे तुम्हाला सगळ्यात चांगलं येते ते सोडून द्या?"

डॉक्टरांनी उजवा हात टेबलावर पुढे धरला. पंजा हवेत होता आणि बोटं थरथरत होती. फार नाही. पण एकदा दिसल्यावर नजर हटत नव्हती. इतके महिने मी त्या घरात राहत होते आणि मला ते कळलं नव्हतं. किल्ल्या फेकणाऱ्या हाताकडे बघायला वेळच कुठे मिळतो?

"एका बाईंच्या अंगठ्याची शीर शिवत होतो," ते म्हणाले. "शिवणकाम करायच्या त्या. टाका नीट पडला. पण मला जाणवलं. शेजारच्या सिस्टरला जाणवलं नाही, माझ्या ज्युनियरला नाही, कुणालाच नाही. त्या दिवशी घरी आलो आणि हिला सांगितलं, उद्यापासून मी सुरी धरणार नाही."

काकू खाली बघत होत्या.

"मला कुणी सांगितलं नाही, ओमकार. मीच मला सांगितलं. आणि पहिले सहा महिने मी कुणाशी धड बोललो नाही. मग त्या क्लिनिकमध्ये बसायला लागलो. दुसऱ्यांनी जोडलेले हात चालते करायला लागलो. टाका कुठे ओढतो, दुखणं कुठून येतं, हे मला पेशंटच्या आधी कळतं. का? कारण मी इतकी वर्षं शिवलंय. तुझंही तेच आहे. तू इतकी वर्षं फेकलंयस. चेंडू कुठे येणार, हे तुला फेकणाऱ्याच्या आधी कळतं. हे दुसऱ्या कुठल्या रिसीव्हरकडे आहे?"

ओमकार उभाच होता. मग बसला. जेवला मात्र नाही. निघताना सुनीताताई डॉक्टरांशी न बोलता गाडीत जाऊन बसल्या.

ओमकारचा फोन मार्चमध्ये आला, सीझन संपल्यावर. फोन मीच घेतला. "काकाला सांग, मी येतो शनिवारी. पण मी अजून हो नाही म्हटली." मी निरोप दिला तेव्हा डॉक्टर टेनिसचे चेंडू विकत घ्यायला निघालेच होते.

तो सगळा उन्हाळा हॅरोतल्या पार्कमध्ये गेला. मी, काकू आणि डॉक्टर तिघे तीन बाजूंनी चेंडू फेकायचो आणि ओमकार मध्ये. डॉक्टरांची फेक कशीही जायची. एकदा कुणाच्या तरी पिकनिकच्या केकमध्ये गेली. ओमकारला एकदा हसू आवरेना, तेव्हा ते म्हणाले, "चांगली फेक कुणीही झेलतो. माझ्यासारखं वाकडं फेकणारा माणूस तुला शोधून मिळणार नाही. देवाने पाठवलेला प्रशिक्षक आहे मी." त्यांनी आपल्या हाताबद्दल असा विनोद केलेला काकूंनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला. त्या पटकन दुसरीकडे वळल्या आणि चेंडू शोधायला लागल्या.

ओमकारने कोचला स्वतःच सांगितलं. कोच म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारा एक इंग्लिश माणूस. तो भडकला, डॉक्टरांना वाटेल ते बोलला, आणि शेवटी म्हणाला, की जेम्सला क्वार्टरबॅक म्हणून तयार करायची जबाबदारी ओमकारची. जेम्स म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, घाबरट, पण जोरकस खांद्याचा मुलगा.

पहिला सामना आम्ही दणदणीत हरलो. दुसराही. मुलं ओमकारशी बोलेनाशी झाली. एकाने मैदानातच हेल्मेट आपटलं आणि तुझ्यामुळे हे चाललंय, असं तोंडावर सांगितलं. परतताना ओमकार आमच्या गाडीत मागे बसला होता.

"काका, आपण चुकलो का?"

"नाही."

"संघ हरतोय."

"हो. आणि त्याचं वाईट वाटायला हवं, वाटू दे. पण जेम्सकडे बघितलंस? आज दुसऱ्या अर्ध्यात तो तुझ्याकडे न बघता फेकत होता. जिथे तू असणार तिथे. त्याला माहीत होतं, तू पोचशील."

आणि हे बोलता बोलता डॉक्टरांनी चुकीचं वळण घेतलं आणि आम्ही विंडसरला पोचलो.

तिसऱ्या सामन्यापासून संघाला सूर सापडला. जेम्स धीट झाला. ओमकार त्याला कानात सांगायचा, "मी कुठे आहे ते बघू नकोस, मी येतो." आणि तो यायचा. कोचने एकदा शिडीजवळ येऊन मला विचारलं, हे सगळं शूट झालंय ना? मी म्हटलं, झालंय. त्यानेच मग ते शूटिंग चाचणीवाल्यांना पाठवून दिलं.

निवड चाचणी मिडलंड्समधल्या एका मैदानावर होती. मला वाटलं आम्ही तिघेच जाणार. पण सकाळी दारात सुनीताताईंची गाडी उभी होती. "मी बघायला येतेय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "परवानगी द्यायला नाही." डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

आधी धावण्याची चाचणी. ओमकारच्या पुढे कितीतरी मुलं होती. घड्याळवाल्या माणसाने त्याची वेळ लिहिताना भुवईही उचलली नाही. सुनीताताईंनी ते बघितलं. मग झेलण्याची पाळी आली, आणि पहिलाच चेंडू ओमकारच्या हातातून निसटला. डॉक्टर चिप्स खात होते.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?" सुनीताताई त्यांच्यावर जवळजवळ ओरडल्याच.

"बाई, पहिला सोडला ते बरं झालं. आता तो विचार करणं थांबवेल."

पुढचा झेलला. त्याच्या पुढचा एका हाताने. मग त्यांनी बचाव करणारा एकेक जण समोर उभा केला. ओमकारपेक्षा वेगवान मुलं होती ती, पण ओमकार वळायचा तेव्हा चेंडू अजून फेकणाऱ्याच्या हातातच असायचा, आणि तो वळून थांबायचा तिथेच चेंडू येऊन पोचायचा. असं वारंवार झालं. फेकणारा अमेरिकन माणूस शेवटी चालत त्याच्याजवळ गेला. आम्ही कुंपणापाशी होतो, स्पष्ट ऐकू आलं. त्याने विचारलं, "तू क्वार्टरबॅक होतास का रे?"

"यस सर."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि वळून घड्याळवाल्याला काहीतरी खूण केली.

सुनीताताईंनी डॉक्टरांच्या हातातलं चिप्सचं पाकीट घेतलं आणि त्यातला एक चिप्स खाल्ला. परतताना त्या ओमकारला एवढंच म्हणाल्या, की विद्यापीठात एक वर्ष सुट्टीचा अर्ज कुणाकडे करायचा, ते आधी विचारून घे.

ओमकारची सरावशिबिरासाठी निवड झाली. अमेरिकेतल्या त्या शिबिरातून रोज कुणाला तरी घरी पाठवलं जायचं, ओमकार राहिला. एका जर्मन संघाने त्याला घेतलं. सीझनचा बराचसा काळ तो बाकावरच बसून होता, आणि डॉक्टर दर आठवड्याला फोनवर त्याला सांगत, "बसलेल्या माणसाला सगळ्यात चांगलं दिसतं." पुढे काही वर्षांत ती लीगच बंद झाली. ओमकारने डिग्री पूर्ण केली, आता तो पूल बांधतो आणि वीकेंडला मुलांना झेलायला शिकवतो. एका सीझनसाठी एवढा आटापिटा कशाला केला, असं मंडळातल्या एका गृहस्थांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कुठल्या सीझनमध्ये खेळलात?"

पण मला आठवतो तो जर्मनीतला सामना. आम्ही चौघं डॉक्टरांच्या गाडीतून, बोटीवर चढून, अर्थातच लांबून, तिथे पोचलो. स्टेडियम भरलेलं होतं. मी इतकी माणसं या खेळाला पहिल्यांदाच बघत होते. एक रिसीव्हर लंगडत बाहेर आला आणि ओमकारला आत पाठवलं. आधी काहीच झालं नाही. तो धावायचा, कुणाला तरी अडवायचा, परत यायचा. मग एकदा तो मधोमध गेला, वळला, आणि चेंडू आला. झेलला. त्याच क्षणी दोन माणसं त्याच्यावर आदळली. तिघे खाली गेले. सुनीताताई उभ्या राहिल्या. ढिगातून आधी एक जण उठला, मग दुसरा, आणि मग ओमकार, चेंडू छातीशी धरून. लाउडस्पीकरवरून त्याचं नाव कसंतरीच उच्चारलं गेलं आणि हजारो अनोळखी माणसांनी ते तसंच परत ओरडून म्हटलं.

सामना संपल्यावर तो कुंपणाशी आला. नाकावर खरचटलं होतं. "कोच म्हणतो पुढच्या मॅच मी स्टार्ट करणार," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "करणारच. पुढच्या संघाचा कोपऱ्यावरचा बचावपटू उंच आहे, त्याच्या डाव्या..."

"डॉक्टर," सुनीताताई म्हणाल्या, "आधी त्याला जेवू द्या."

स्टेडियमजवळच्या एका हॉटेलात आम्ही पाचजण दाटीने बसलो. ओमकारने दोन माणसांचं जेवण एकट्याने संपवलं आणि खुर्चीतच पेंगायला लागला. सुनीताताई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आपली ताटली बाजूला सारली, ऑलिव्हची वाटी टेबलाच्या मधोमध ओढली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हं. आता मला शिकवा हा खेळ."

डॉक्टरांचे डोळे चमकले. ते भराभर ऑलिव्ह मांडायला लागले. "बघा, ही समोरची रांग. यांचं काम ढकलायचं. त्यांच्या मागे..."

"ते सगळं करा सावकाश," सुनीताताई म्हणाल्या. "आधी एवढंच दाखवा, यातला माझा मुलगा कुठला?"